परदेशात राहून पॅलेस्टिनी जेवण: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही न्यू जर्सीत क्लिफ्टनला राहतो, म्हणजे पॅटरसनच्या अगदी शेजारी, त्यामुळे एडिसन, जर्सी सिटीकडची आपली मंडळी इकडे यायची झाली की आधी फोन, कुठे जायचं, काय खायचं, व्हेज मिळेल का. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. क्रमबिम लावलेला नाही, जसे प्रश्न आठवले तसे.

पॅलेस्टिनी जेवण म्हणजे हमस, फलाफल, पिटा, तेच ना?

तेही आहेच, पण ते नाश्त्याचं आणि रस्त्यावरचं खाणं झालं, आणि रेस्टॉरंटच्या मेनूवर तेवढंच मोठ्या अक्षरात असतं म्हणून आपल्याला वाटतं की संपलं. घरात जे शिजतं ते वेगळंच. मसूर-भात, भरलेली वांगी आणि कोवळे दुधी, द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या, पालेभाज्या, दह्यात शिजवलेलं मटण. आणि मुख्य म्हणजे गावागणिक बदलतं. नाब्लुस म्हटलं की चीज आणि मिठाई. हेब्रॉन, ज्याला ते खलील म्हणतात, तिथली द्राक्षं आणि भट्टीत हंडा ठेवून शिजवलेला मटण-भात, क़िद्रे. जेरुसलेमला तीळ लावलेला लांबट पाव, काक. गाझा समुद्रकाठी म्हणून मासे, आणि हिरवी मिरची सढळ हाताने.

म्हणून माझा एकच सल्ला, तो खाली परत परत येईल: दुकानात किंवा रेस्टॉरंटमध्ये "तुमच्याकडे काय चांगलं मिळतं" असं विचारू नका, "तुम्ही कुठल्या गावचे" असं विचारा. पुढचं ते स्वतःच सांगतात, आणि कधी कधी मेनूवर नसलेलं काहीतरी आतून येतं.

लेबनीज किंवा सीरियन जेवणापेक्षा वेगळं काय?

बरंचसं सामाईक आहे, शेजारी प्रदेश आहेत, सीमारेषा नंतर आल्या. पण सुमाक (आंबट लालसर फळांची पूड) आणि ऑलिव्ह ऑइलचा इतका मोकळा हात मला दुसरीकडे दिसला नाही, ताबूनची, म्हणजे भट्टीची, जाड रोटी, मुसख्खन, मफ्तूल (दोन्ही खाली येतील) ही खास त्यांची, आणि गाझाची बाळंतशोपा-लसूण-मिरचीची फोडणी तर लेबनीज रेस्टॉरंटमध्ये शोधून सापडणार नाही.

न्यूयॉर्क-न्यू जर्सीत नेमकं जायचं कुठे?

पॅटरसनचा दक्षिण भाग. मेन स्ट्रीटच्या एका भागाला २०२२ मध्ये शहराने पॅलेस्टाइन वे असं नाव दिलं, लोक त्या भागाला लिटल रामल्ला म्हणतात. अल बाशा जेवायला, नाब्लुस स्वीट्स गोडासाठी, आणि मधल्या बेकऱ्या आणि ग्रोसरीची दुकानं यात सहज अर्धा दिवस जातो. पार्किंगसाठी सुट्टी नाणी ठेवा, वीकेंडला संध्याकाळी जागा मिळणं अवघड. शुक्रवारी दुपारी नमाजानंतर गर्दी उसळते, पण दिवसाचे खास पदार्थही बऱ्याच ठिकाणी शुक्रवारीच होतात, तेव्हा गर्दी सोसायची तयारी ठेवून जा.

न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनचा बे रिज. तिथलं तानोरीन १९९८ पासून आहे, चालवणाऱ्या शेफ राविया बिशारा मूळच्या नाझरेथच्या, म्हणजे गॅलिलीकडचं जेवण, पॅटरसनपेक्षा थोडं नाजूक हाताचं. आयात नावाचं रेस्टॉरंट पण तिथलंच, २०२० मध्ये सुरू झालं.

आम्ही न्यूयॉर्क-न्यू जर्सीत नाही, मग?

शिकागोजवळ ब्रिजव्ह्यू. बर्लिनमध्ये नॉयकोल्नची झोनेनअली, अख्खा रस्ता अरबी दुकानांचा, तिथे सीरियन जास्त पण पॅलेस्टिनीही जुने. लंडनला नॉटिंग हिलमध्ये बेथलेहेमच्या फादी कत्तान यांचं अकूब आहे, २०२३ पासून, महाग आहे पण ज्यांना एकदा नीट बसून खायचंय त्यांनी जावं. दुबई, अबुधाबी, दोहाला राहणाऱ्यांना हा प्रश्नच पडू नये, तिकडे ऑफिसात निम्मी माणसं जॉर्डन-पॅलेस्टाइनची असतात, सरळ सहकाऱ्याला विचारा.

आणि चिली! कुणाला खरं वाटत नाही, पण अरब जगाबाहेर सगळ्यात जास्त पॅलेस्टिनी वंशाचे लोक चिलीत आहेत, बेथलेहेम, बेत जाला, बेत साहूर या गावांतून शंभरएक वर्षांपूर्वी गेलेले, बहुतेक ख्रिश्चन. त्यांचा फुटबॉल क्लबच आहे, पॅलेस्टिनो, १९२० चा. सँटियागोला कामानिमित्त कोणी जात असेल तर पात्रोनातो भागात चक्कर मारा.

पहिल्यांदाच जातोय, काय मागवू?

नॉनव्हेज खात असाल तर मुसख्खन, दुसरा विचार नको. ताबूनची रोटी ऑलिव्ह ऑइलमध्ये भिजवलेली, त्यावर तेलातच तासभर मऊ शिजवलेला ढीगभर कांदा, भरपूर सुमाक, वर भाजलेलं चिकन आणि बदाम किंवा पाइन नट. हे मूळचं ऑलिव्हच्या हंगामातलं जेवण, नवं तेल घाण्यावरून आलं की त्याची चव बघायला करायचं. म्हणून तेलकट लागतं, ते तसंच असतं, वेटरला टिश्यू मागत बसू नका. आणि हाताने खा, काट्याने खाल्लं तर खालची रोटी, जी खरी गोष्ट आहे, ती प्लेटमध्येच राहते. हल्ली पातळ रोटीत गुंडाळून मुसख्खन रोल देतात, डब्याला बरे, पण पहिल्यांदा अख्खंच खा.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

अजिबात नाही, उलट तुमची चंगळ आहे, फक्त काही ठिकाणी डोळे उघडे ठेवायचे.

मुजद्दरा मागवा: अख्खा मसूर आणि तांदूळ एकत्र शिजवून वर काळपट होईपर्यंत तळलेला कांदा, सोबत काकडीचं दही. गरिबाचं जेवण म्हणून रेस्टॉरंटवाले मेनूवर कोपऱ्यात टाकतात पण मला विचाराल तर कबाबाच्या थाळीपेक्षा हजारपट बरं. फुल म्हणजे बाकला, लिंबू-लसूण-जिरं घालून ठेचलेला. लबने म्हणजे मीठ घातलेला चक्का, त्यावर तेल आणि झातर, म्हणजे रानातल्या पाल्याचं तीळ-सुमाक घातलेलं मिश्रण. पालक भरलेले त्रिकोणी पाव, फतायर. आणि कुठे गाझाचं किंवा याफाचं कुटुंब भेटलं तर रुम्मानिये मिळतं का विचारा: वांगं, मसूर, आंबट डाळिंबाचा रस, ताहिनी (तिळाची पेस्ट), वरून लसणाची फोडणी, थंड झाल्यावर पावाशी खायचं. हे विकत फार कमी मिळतं, पण करायला सोपं आहे आणि पूर्ण व्हीगन.

डोळे कुठे उघडे ठेवायचे? मसुराचं सूप चिकन स्टॉकमध्ये असू शकतं, फ्रीकेचं (भाजलेल्या हिरव्या गव्हाचं) तर बहुतेक असतंच. द्राक्षाच्या पानांच्या गरम गुंडाळ्यांत खिमा असतो, थंड तेलातल्यांत सहसा नसतो. भरलेल्या भाज्यांतही तेच. "मीट आहे का" विचारलं की चिकन स्टॉक मोजत नाहीत, म्हणून "स्टॉक कशाचा" असं वेगळं विचारा. चीजमध्ये रेनेट (दूध फाडायला वापरतात ते) प्राण्याचं असू शकतं, ज्यांना चालत नाही त्यांनी क्नाफे, ही चीजची मिठाई, विचारून घ्या.

बीफ खात नाही, काय टाळू?

कोफ्ता, शावर्मा, अरायस (खिमा भरलेला पाव). अमेरिकेत यात बीफ किंवा बीफ-लँब मिक्स असण्याची शक्यता जास्त. मन्सफ (दह्यात शिजवलेलं मटण) लँबचं, मुसख्खन चिकनचं. मक्लूबा, म्हणजे थर लावून उलटा काढलेला भात, कशाचाही असतो, विचारा. कोणाला राग येत नाही, पोर्कवरून हाच प्रश्न ते स्वतः बाहेर सगळीकडे विचारत असतात.

जेवण फिकं असतं म्हणे?

आपल्या जिभेला सुरुवातीला वाटतं, कारण मसाले ऑलस्पाइस, दालचिनी, वेलची, जायफळ असे उबदार आणि मिरची जवळपास नाहीच. चव आंबटातून येते, सुमाक, लिंबू, डाळिंब. पण हे सगळं वेस्ट बँकेचं झालं, गाझाचं गणित वेगळं. गाझातली बहुसंख्य कुटुंबं १९४८ मध्ये आसपासच्या शहरांतून-खेड्यांतून हुसकावली गेलेली, त्यामुळे तिथे किनाऱ्याचं आणि आतल्या गावांचं जेवण एकाच चिंचोळ्या पट्टीत आलं, आणि तिखट सगळ्यांनीच उचललं. लाल मिरचीची चटणी, शत्ता, तर प्रत्येक जेवणाला.

दग्गा, म्हणजे गाझाचा टोमॅटो-मिरचीचा ठेचा, करून बघा, पाच मिनिटांचं काम. मातीच्या खरबरीत भांड्यात, झिब्दिये म्हणतात त्याला, लाकडी दांड्याने ठेचतात, आपला खलबत्ता चालतो. दोन लसूण पाकळ्या आणि जाडं मीठ आधी, मग दोन-तीन हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा बाळंतशोपा, हे नीट बारीक झालं की दोन पिकलेले टोमॅटो घालून जाडसर ठेचायचं, लिंबू, वर चांगलं ऑलिव्ह ऑइल. मिक्सरला लावू नका, पाणी होतं. शेपूचा पाला असेल तर तोही. माशाबरोबर खातात, आमच्याकडे भाकरीबरोबर संपतो.

झातर कोणतं घ्यायचं? दुकानात दहा प्रकार दिसतात.

पाकीट उलटून घटक वाचा. रानातल्या झातरचा पाला, तीळ, सुमाक, मीठ, झालं. सायट्रिक अ‍ॅसिड पहिल्या चारात दिसलं तर सुमाकची काटकसर केलीय असं समजा. काही मिश्रणांत भाजलेला गहू दळून घालतात, ती भेसळच असते असं नाही, जुनी पद्धतही आहे, पण ते कोणत्या गावचं म्हणून विकतायत ते विचारा. रंग हिरवा हवा, तपकिरी झालं असेल तर जुनं. घरी आणल्यावर फ्रीझरमध्ये ठेवा, महिनोन् महिने हिरवं राहतं. सुमाक घेतानाही मीठ किती घातलंय बघा, नाहीतर मुसख्खन खारट.

या पाल्यामागे एक कडू गोष्ट पण आहे. इस्रायलने १९७७ मध्ये रानातलं झातर संरक्षित वनस्पती ठरवून तोडायला बंदी घातली, आणि २००५ मध्ये अकूबचाही त्या यादीत नंबर लागला. अकूब ही काटेरी रानभाजी, वसंतात डोंगरावर येते, बायका सुरीने काटे काढत तासन् तास बसतात, लंडनच्या त्या रेस्टॉरंटचं नाव तिच्यावरूनच. पिढ्यान् पिढ्या डोंगरावरून पाला खुडून आणणाऱ्यांना दंड झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. संरक्षणाचं कारण दिलं गेलं, पण घरच्या भाजीसाठी चार जुड्या खुडणाऱ्या म्हातारीने डोंगर उजाड होतो हे मला तरी पटत नाही. आता बाजारातलं बहुतेक झातर शेतात लावलेलं असतं.

पॅलेस्टिनी ऑलिव्ह ऑइल एवढं महाग का? कॉस्टकोचं चालणार नाही का?

कांदा परतायला खुशाल चालवा. वरून घालायला, पाव बुडवून खायला मात्र एक बाटली खरी आणा. महाग असायची कारणं सरळ आहेत: डोंगरउतारावर दगडी बांध घातलेल्या छोट्या शेतांतली झाडं, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अख्खं कुटुंब हाताने तोडणी करतं, अनेकांना स्वतःच्याच झाडांपर्यंत जायला लष्कराची परवानगी लागते, तोडणीच्या दिवसांत इस्रायली सेटलर्सचे (तिथे वस्ती करून राहिलेल्यांचे) हल्ले होतात, आणि वेस्ट बँकेला स्वतःचं बंदर नाही म्हणून माल चेकपोस्ट पार करून इस्रायली बंदरातून बाहेर पडतो. हे सगळं त्या बाटलीच्या किमतीत आहे. अमेरिकेत जेनिनकडचं कनान ब्रँडचं मिळतं, ब्रिटनमध्ये झैतून, दोन्ही २००४ पासूनचे आणि शेतकऱ्यांकडून थेट घेणारे. बाटलीवर तोडणीचं वर्ष बघा. नवं तेल घशात किंचित चरचरतं, खराब आहे म्हणून परत करू नका.

फ्रीके आणि मफ्तूल काय प्रकार आहे?

फ्रीके म्हणजे गव्हाचा हुरडाच म्हणा ना, हिरव्या ओंब्या शेतात आगीवर भाजून दाणे चोळून काढलेले, फक्त आपण तिथल्या तिथे खातो आणि ते वाळवून वर्षभर ठेवतात. धुरकट वास हीच त्याची मजा. शिजवायच्या आधी पसरून निवडा, खडे असतात, अगदी ब्रँडेड पाकिटातही. सूप करा किंवा कांद्यावर परतून दुप्पट पाण्यात मोकळं शिजवा.

मफ्तूल: बुलगुरचे कण पाणी आणि गव्हाचं पीठ शिंपडत परातीत हाताने वळत वळत मोठे केलेले, मग वाफवलेले. काबुली चणे, भोपळा, कांद्याच्या रश्श्याबरोबर खातात. सुपरमार्केटमध्ये इस्रायली कुसकुस म्हणून गोल मोती मिळतात ते मफ्तूल नव्हे, ते मशीनमध्ये पाडलेले मैद्याचे पास्त्यासारखे दाणे, १९५० च्या दशकात आलेले. चवीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

घरी मक्लूबा कसा करायचा? उलटताना मोडतो.

मोडतो कारण धीर नसतो! दोन वाट्या बासमती किंवा कॅलरोज तांदूळ अर्धा तास भिजवा. एक मोठं वांगं जाड चकत्या करून मीठ लावून ठेवा, पुसा, अर्ध्या फ्लॉवरबरोबर तेल लावून ओव्हनमध्ये ४२५ फॅरनहाइटला लालसर करा, तळलं तर जास्त चविष्ट पण तेल पितं. चिकन तमालपत्र, वेलची, दालचिनी, कांदा घालून उकळा, स्टॉक ठेवा. जाड बुडाच्या सरळ कडांच्या भांड्यात तळाला तेल, टोमॅटोच्या चकत्या, त्यावर चिकन, मग भाज्या दाबून, मग तांदूळ ज्यात एक चमचा ऑलस्पाइस, अर्धा चमचा दालचिनी, अर्धा चमचा हळद, मीठ कालवलंय. साधारण तीन वाट्या गरम स्टॉक बशीवरून हळू ओता म्हणजे थर हलत नाहीत. मोठ्या आचेवर उकळी, मग झाकून अगदी मंद २५ ते ३० मिनिटं. गॅस बंद केल्यावर १५ मिनिटं हात लावायचा नाही, इथेच सगळे घाई करतात. मग मोठं ताट वर ठेवून एका झटक्यात उलटं, भांडं तसंच राहू द्या, बुडावर चार थापा मारा, दोन मिनिटांनी सरळ वर उचला. तळलेले बदाम, सोबत काकडीचं दही. व्हेज करायचा तर चिकनच्या जागी काबुली चणे आणि बटाटा, स्टॉक भाज्यांचा. कुकरमध्ये करू नका, भात चिकट होऊन खाली येतच नाही.

क्नाफे खरं कसं ओळखायचं?

गरम हवं, चीज ताणलं जायला हवं, आणि गोडाच्या आत किंचित खारट लागायला हवं. नाब्लुसचं चीज खारवलेलं असतं, पाण्यात भिजवून मीठ काढतात, वर शेवयांसारखा किंवा रव्याचा थर, तूप, नारिंगी रंग, पाक, पिस्ता. रव्यासारख्या बारीकाला नामे म्हणतात, मला तेच आवडतं. २००९ मध्ये नाब्लुसच्या लोकांनी ७५ मीटर लांब क्नाफे केलं होतं, यावरून त्यांचं प्रेम समजून घ्या. पार्सल नेऊ नका, तिथेच उभं राहून खा. त्याच दुकानात काळाकुट्ट केक दिसला तर तो क़िझ्हा, कलौंजी वाटून केलेला, दिसायला भयंकर, चव कडवट-गोड, सगळ्यांना झेपत नाही, मी मात्र सोडत नाही.

रमजानमध्ये गेलं तर चालेल का?

चालेल, फक्त दिवसा बरंच बंद असतं. सूर्यास्तानंतर जा, किंवा पार्सलला तासभर आधी. कतायफ, हे छोटे गोड पॅनकेक, फक्त याच महिन्यात नीट मिळतात, अक्रोड किंवा चीज भरून दुमडलेले, ताज्या चकत्या विकत आणून घरी भरता येतात.

शेजारच्या पॅलेस्टिनी कुटुंबाने जेवायला बोलावलंय. काय नेऊ, कसं वागू?

मिठाई किंवा फळं न्या, दारू नको, जिलेटीन असलेलं काही नको. आपली चितळेंची बाकरवडी नेली तर पोरं तुटून पडतात, हे अनुभवाने सांगते. दुपारचं जेवण म्हणाले तर तीन-साडेतीनही वाजतात. भूक ठेवून जा, कारण ताट रिकामं दिसलं की वाढलं जातं आणि "नको" तीनदा म्हटल्याशिवाय ते नको धरत नाहीत, तेव्हा शेवटचे चार घास ताटात राहू द्या. जेवण झाल्यावर सेजचा किंवा पुदिन्याचा चहा, आणि शेवटी वेलचीची कॉफी. कॉफी आली म्हणजे निघायला हरकत नाही, आधी उठलात तर खाला (मावशी) नाराज होतील.

आणि मूळ गाव कोणतं हे विचारायला बिचकू नका. तिसरी पिढी न्यू जर्सीत जन्मलेली असली तरी गावाचं नाव तोंडपाठ असतं, कधीकधी ते गाव आता नकाशावर नसतं.

गाझात लोक उपाशी असताना आपण त्यांच्या जेवणाची हौस करायची, हे बरं दिसतं का?

हा प्रश्न मला गंभीरपणे विचारला गेलाय आणि मी हसण्यावारी नेत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने चालणाऱ्या आयपीसी या अन्नटंचाई मोजणाऱ्या यंत्रणेने गाझा गव्हर्नरेटमध्ये दुष्काळ असल्याचं जाहीर केलं, हा माणसाने आणलेला दुष्काळ. त्या दिवसांत पॅटरसनच्या दुकानांत गल्ल्याजवळ डबे होते, आणि दुकानं चालूच होती, कारण त्यातलेच पैसे नातेवाइकांना जात होते. खाऊ नका असं मला तिथे कोणी म्हटलं नाही. नुसते फोटो काढून, अर्धं टाकून जाऊ नका, एवढं मात्र काउंटरवरच्या काकांनी एका घोळक्याला सुनावलेलं ऐकलंय.

मुलं खातील का?

मनाकीश, म्हणजे वर झातर-चीज लावून भाजलेली रोटी. निकाल लागतो.

पुढच्या महिन्यात पुण्याला जातेय, काय नेऊ?

झातर, सुमाक, फ्रीके, मफ्तूल, सगळं कोरडं, व्हॅक्यूम पाकिटातलं न्या आणि पाकिटं फोडू नका. ताहिनी, ऑलिव्ह ऑइल चेक-इन बॅगेत, दुहेरी पिशवीत, केबिनमध्ये १०० मिलीच्या वर चालत नाही. चीज नेऊ नका, प्रवासात खराब होतं. सुमाक संपलं तर लिंबाची साल किसून वाळवा आणि थोडा लिंबाचा रस, मुसख्खनला कामापुरतं भागतं, रंग तेवढा येत नाही.